कमानपाट्यांच्या जीपला किंवा पिकअपला शॅकल, हँगर आणि शॉकअपचे ब्रॅकेट घरी वेल्ड करताना

सस्पेन्शनचा घरी केलेला भाग तुटून हातात आला तर तुटलेली जागा नीट पाहा. वेल्डिंगचा धातू मधोमध फाटलेला फार क्वचित दिसतो. तडा असतो तो वेल्डिंगच्या काठाला, जिथे भर संपते आणि मूळ प्लेट सुरू होते. मागच्या एका कोपऱ्यावर सहाशे किलो वजन धरलं तर एका हँगरच्या (चासीवर पाट्याचं टोक धरणाऱ्या ब्रॅकेटच्या) वाट्याला तीनशे किलो येतात. खड्ड्याचा धक्का तिप्पट धरला तरी नऊशे. पाच मिमी पायाचं (म्हणजे प्रत्येक प्लेटवर पाच मिमी पसरलेलं) कोपरा-वेल्डिंग एकूण २०० मिमी लांब असेल, तर त्याच्या घशाचं (सर्वांत बारीक छेदाचं) क्षेत्रफळ साधारण ७०० चौरस मिमी भरतं आणि ते सात टनांच्या आसपासचा स्थिर भार पेलतं. म्हणजे ताकद हवी त्याच्या कितीतरी पट आहे. तरीही भाग तुटतो, कारण त्याला भार एकदाच येत नाही. लाखो वेळा कमीजास्त होणारा ताण येतो आणि तो वेल्डिंगच्या काठावर, अंडरकटमध्ये (काठालगत प्लेटला पडलेल्या खाचेत), अर्धवट संपवलेल्या खळग्यात गोळा होतो. म्हणून भर वाढवून काम मजबूत होत नाही. वेल्डिंग कुठे सुरू करायचं, कुठे संपवायचं आणि कुठे अजिबात करायचं नाही, यावर सगळं ठरतं.

हे लिखाण चारही बाजूंना कमानपाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या जुन्या जीपसाठी आणि मागे पाटे असलेल्या हलक्या पिकअपसाठी आहे. मोठ्या ट्रकची गोष्ट वेगळी. त्यांच्यातल्या बऱ्याच चासी उष्णता देऊन कडक केलेल्या पोलादाच्या असतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नेमकी तीच ताकद जाते. तिथे घरचं वेल्डिंग नकोच.

कायद्याचंही आधी पाहा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर चालणारी गाडी असेल तर मूळ मापाचा, मूळ जागेचा भाग पुन्हा बनवणं एवढ्यावर थांबा. उंची वाढवायची असेल तर आधी आरटीओत विचारा. शेतात किंवा खासगी जागेवरच चालणाऱ्या गाडीचा प्रश्न निराळा, पण तिच्यातही माणसं बसतात.

ज्याला रॉड लावायचा नाही

कमानपाट्याला कधीही नाही. पाट्याच्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. ते तापवून तेलात बुडवून कडक केलेलं आणि मग पुन्हा तापवून चिवट केलेलं असतं. रॉडचा नुसता ओझरता स्पर्श झाला तरी त्या बिंदूला पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं आणि पुढे तिथूनच पाटा तुटतो. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर ठिणग्यांचे गोळे पाट्यावर चिकटू नयेत म्हणून तो काढून ठेवा, निदान ओल्या गोणपाटाने झाका. तुटलेला पाटा जोडून देणारी दुकानं आहेत, पण तो जोड टिकत नाही.

यू बोल्ट, सेंटर बोल्ट, शॅकलची (पाट्याचं टोक हँगरला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्यांची) पिन, स्टिअरिंगचा कोणताही दांडा, नकल, किंगपिन आणि टॉर्शन बार यांनाही हाच नियम. काही ॲक्सलमध्ये मधला गोळा ओतीव असतो आणि नळ्या त्यात दाबून बसवलेल्या असतात. त्या ओतीव भागावर घरी काही जोडू नका.

भंगारातल्या जुन्या पाट्याचा तुकडा कापून ब्रॅकेट बनवायचा मोह टाळा. धातू कोणता आहे ते ग्राइंडरवर कळतं. साध्या एमएस प्लेटच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फुटणाऱ्या असतात. जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या आखूड असतात आणि झुडपासारख्या भरपूर फुटतात. कानस नुसती घसरत असेल तरी तो तुकडा बाजूला टाका.

माल

दुकानातून प्लेट घेताना आयएस २०६२ ची ई २५० मागा. ही प्लेट २५० मेगापास्कल ताणापासून कायमची वाकायला लागते आणि कार्बन कमी असल्यामुळे ती आधी न तापवता नीट वेल्ड होते. चासीवरचे हँगर, ॲक्सलवरच्या खुर्च्या (पाट्याच्या बैठकी) आणि शॉकअपचे कान (बोल्ट ज्यांत बसतो त्या उभ्या पट्ट्या) ६ मिमी प्लेटमध्ये करा. शॅकलच्या पट्ट्या १० मिमी जाड आणि ५० मिमी रुंद असू द्या. नळी लागेल तिथे सीमलेस घ्या. पाण्याचा जीआय पाइप वापरू नका. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये छिद्रं पाडतो आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्टसुद्धा वेल्ड करायचे असतील तर आधी घासून काळं लोखंड उघडं करा.

बोल्ट ८.८ ग्रेडचे किंवा त्यावरचे घ्या, डोक्यावर तसा ठसा पाहून. लांबी अशी निवडा की ब्रॅकेटच्या दोन्ही कानांत बोल्टचा गुळगुळीत भाग बसेल. कानात आटे आले तर ते करवतीसारखं भोक खातात आणि काही महिन्यांत भोक लांबट होऊन खडखड सुरू होते. यू बोल्ट एकदा आवळला की ताणला जातो, त्यामुळे ॲक्सल उघडला की नवेच लावा. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) कधीही वेल्डिंगनंतर, भाग पूर्ण थंड झाल्यावर लावा.

रॉड आणि वीज

या कामाला ७०१८ रॉड योग्य. ६०१३ सोपा चालतो, खपली आपोआप सुटते, दिसायला सुबक येतो. पण त्याची खोली कमी आणि त्यातून जोडात जाणारा हायड्रोजन जास्त. खिडकीच्या ग्रीलला तो ठीक, हँगरला नको. ७०१८ ची अट एकच: कोरडा हवा. उघडं पाकीट कोकणात पावसाळ्यात दोन-तीन दिवस ठेवलं तर त्याचा फायदा संपला. असे रॉड ३०० ते ३५० अंशांवर दोन तास भाजून घ्यावे लागतात. घरच्या बेकिंग ओव्हनचं तापमान एवढं जात नाही, म्हणून छोटं सीलबंद पाकीट आणा आणि कामाच्या दिवशीच फोडा. उरलेले रॉड अशा भागांसाठी पुन्हा वापरू नका.

२.५ मिमी रॉडला ७० ते ९५ अँपिअर, ३.१५ मिमीला ११० ते १३५ अँपिअर, रॉड डीसी पॉझिटिव्हला. पाकिटावर छापलेली मर्यादा अंतिम समजा. इन्व्हर्टर मशीन घेताना त्याचा बिनभार व्होल्टेज ७० च्या आसपास आहे का ते विचारा. त्याहून कमी असेल तर ७०१८ पेटायला त्रास देतो आणि मधेच विझतो.

घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर २.५ मिमी रॉडच चालतो. ३.१५ ला मशीन वीस अँपिअरहून जास्त ओढतं, त्याला ३२ अँपिअरचा एमसीबी आणि मीटरपासून वेगळी ६ चौरस मिमी तांब्याची वायर लागते. गावाकडे आणखी एक अडचण असते. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज उतरतं. मशीनवरचा आकडा तोच दिसतो, पण आर्क मऊ पडतो आणि भर प्लेटवर नुसती बसते, आत मुरत नाही. वरून ते वेल्डिंग चांगलंच दिसतं, म्हणून ते सर्वांत धोक्याचं. व्होल्टमीटर लावा. २०० च्या खाली गेलं की काम थांबवा.

मिग मशीन असेल तर ०.८ मिमी तार आणि कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गॉन मिश्रण चालेल. पण ६ मिमीवर कमी व्होल्टेजने मारलेलं मिग हे वरवर चिकटण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. आणि उघड्या अंगणात वाऱ्याने गॅस उडतो. अंगणात काम करणाऱ्याने रॉडच धरावा.

आधी एक तुकडा मोडून पाहा

त्याच प्लेटचे ७५ × ५० मिमीचे दोन तुकडे घ्या, एक दुसऱ्यावर उभा ठेवा आणि एकाच बाजूने वेल्ड करा. ज्या स्थितीत खरं काम होणार आहे, उभं असेल तर उभं, त्याच स्थितीत. गार झाल्यावर व्हाइसमध्ये धरून, वेल्डिंग नसलेल्या बाजूकडून घण मारा, म्हणजे जोड मुळापासून उघडेल. तुटलेला भाग खरखरीत, करडा आणि कोपऱ्यापर्यंत सलग दिसला पाहिजे. मुळाशी प्लेटची कापलेली सरळ कड जशीच्या तशी दिसली तर धातू तिथे मुरलेलाच नाही. अँपिअर दहाने वाढवा, रॉड कोपऱ्याच्या अजून आत धरा, पुन्हा तुकडा करा. सलग तीन तुकडे नीट मोडेपर्यंत गाडीकडे जायचं नाही. हा टप्पा गाळणारेच पुढे अडकतात.

गाडी मोकळी करा

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. इंधनाची टाकी त्या बाजूला असेल तर उतरवा. ओलं कापड टाकून भागत नाही. ब्रेकचे पाइप, वायरिंग, रबरी बुश आणि होज दूर करा. सीएनजी सिलिंडर असेल तर तो अधिकृत केंद्रात काढून घेतल्याशिवाय ठिणगी पाडू नका. शॉकअप काढून बाजूला ठेवा, गॅस भरलेला शॉकअप तापवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

ब्रेक क्लीनरने भाग पुसून लगेच वेल्डिंग करू नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं आणि आर्कच्या उजेडाने व उष्णतेने त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो. तेलकटपणा रॉकेलने काढा, कोरडं पुसा, वाळू द्या, मग ग्राइंडर फिरवा.

अर्थचा क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेपासून हातभर अंतरात, त्याच भागावर, घासलेल्या लोखंडावर लावा. ॲक्सलवर काम करताना अर्थ चासीला लावला तर करंट बेअरिंगमधून आणि क्रॉसमधून (शाफ्टच्या सांध्यातून) जातो, गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि बेअरिंग महिन्याभरात गुणगुणायला लागतं. मग दोष बेअरिंगला दिला जातो.

गाडी घोडीवर, चारही बाजूंनी स्थिर. नुसत्या जॅकखाली कोणी झोपायचं नाही. वाळूची बादली, चार-सहा किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक आणि लक्ष ठेवायला दुसरा माणूस. काम संपल्यावर अर्धा तास गाडीजवळच थांबा. दहा-अकरा नंबरची काच, सुती कपडे, चामड्याचे हातमोजे.

शॅकल

शॅकल जेवढं लांब कराल त्याच्या निम्मी उंची वाढते. मूळ ९० मिमीचं शॅकल १२० चं केलं तर गाडी १५ मिमी उचलते. ३० मिमीपेक्षा जास्त लांबी वाढवू नका. शॅकल लांब झालं की गाडी वळणावर बाजूला डुलते आणि ॲक्सल फिरून पिनियनचा (ॲक्सलमध्ये शाफ्ट जिथे जोडला जातो त्या लहान दातचाकाचा) कोनही बदलतो.

चारही पट्ट्या एकावर एक ठेवून दोन टाके मारा आणि एकत्रच ड्रिल करा: आधी ५ मिमी, मग १०, मग शेवटचं माप. भोकाच्या केंद्रापासून कडेपर्यंत बोल्टच्या व्यासाच्या दीडपट अंतर हवं. १४ मिमी बोल्टला २१ मिमी, म्हणजे ५० रुंदीच्या पट्टीत आरामात बसतं. गॅसने भोक पाडू नका. गॅसची कड कडक आणि खाचदार राहते, तडा तिथूनच निघतो. टाके घासून पट्ट्या सुट्या करा, कडा फ्लॅप डिस्कने गोलावून घ्या आणि घासायच्या रेषा लांबीच्या दिशेने ठेवा.

दोन पट्ट्यांमध्ये मधोमध २५ मिमी बाहेरील व्यासाची, ३ मिमी जाडीची आडवी नळी जोडली की शॅकल बाजूला हलत नाही. नळीची लांबी बुशच्या पोलादी नळीएवढी, वर अर्धा मिमी मोकळीक. जोडताना दोन्ही भोकांतून बोल्ट आणि त्याच मापाचे ठोकळे घालून आवळून ठेवा, नाहीतर थंड होताना पट्ट्या आत ओढल्या जातात आणि बुश बसत नाही.

हँगर

कानांना भोकं पाडून झाल्यावर डावा आणि उजवा हँगर एकाच लांब सरळ दांड्यात ओवा, दांडा त्याच व्यासाचा. तो दांडा दोन्ही चासी-दांड्यांच्या खाली, जमिनीला समांतर बसवा. डावा-उजवा एका रेषेत आपोआप येतो. यानंतर ओळंबा घ्या. पुढच्या पिनांची आणि मागच्या पिनांची जागा फरशीवर खडूने उतरवा, मग चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णातला फरक ३ मिमीच्या आत आणा. नाहीतर गाडी कायम तिरकी चालते आणि अलाइनमेंटने ते दुरुस्त होत नाही.

शॅकलचा कोन ठरवताना कमानीतून फक्त पहिला पाटा ठेवा, बाकीचे काढा. मग जॅकने ॲक्सल वर-खाली सहज हलवता येतो. कमान दबली की ती लांब होते आणि शॅकल बाहेर झुलतं. सुटली की आखूड होते आणि शॅकल आत येतं. बसलेल्या स्थितीत शॅकल उभ्या रेषेपासून बाहेरच्या बाजूला वीस-तीस अंश झुकलेलं ठेवा. पूर्ण दबल्यावर ते चासीला टेकता कामा नये, पूर्ण लोंबल्यावर उलटं पडता कामा नये. उलटलेलं शॅकल पुढच्या खड्ड्यात पाटाच तोडतं.

आता हा सगळ्यांत नाजूक जोड. चासीचा पत्रा बहुतेक ३ ते ४ मिमीचा असतो आणि हँगर ६ मिमीचा, म्हणजे जाड भाग पातळ भागावर ताण फेकतो. हँगरखाली त्याच्यापेक्षा लांब अशी जोडपट्टी घ्या, दोन्ही टोकं होडीच्या नाळेसारखी निमुळती कापा, कोपरे २० ते २५ मिमी त्रिज्येने गोल करा. ती चासीच्या बाजूच्या उभ्या भागावर वळून चढेल अशी वाकवा. वेल्डिंग चासीच्या लांबीच्या दिशेनेच धावलं पाहिजे. खालच्या पाकळीवर (चासीच्या आडव्या बाजूवर) आडवं वेल्डिंग सर्वांत वाईट, कारण चासी वाकते तेव्हा वरची आणि खालची कड सर्वांत जास्त ताणली जाते. मधला उभा भाग सुरक्षित. निमुळत्या टोकाला शेवटचे १० मिमी बिनवेल्डिंगचे सोडा आणि पाणी जाऊ नये म्हणून तिथे पीयू सीलंट भरा. चॅनल चासीच्या पाकळीच्या कडेपासून २० मिमीत वेल्डिंग नाही, भोकही नाही.

पेटीसारख्या बंद चासीतून बोल्ट आरपार घालायचा असेल तर आत ३-४ मिमी जाडीची नळी घाला आणि दोन्ही बाजूंनी पत्र्याला वेल्ड करा. नळीशिवाय आवळलेला बोल्ट दोन्ही पत्रे आत दाबतो, पत्रा दबतच राहतो आणि बोल्ट सैल होतो.

ॲक्सलवरची खुर्ची

खुर्ची म्हणजे पाटा जिच्यावर बसतो ती बैठक. तिचा अर्धगोल नळीवर एक मिमीपेक्षा कमी फटीने बसायला हवा. मोठी फट सळईचा तुकडा घालून भरू नका. त्यावर मारलेलं वेल्डिंग सळईलाच चिकटतं, खुर्ची आणि नळी यांच्यात काहीच धरत नाही. सेंटर बोल्टच्या डोक्याचं भोक अर्ध्या मिमीच्या मोकळिकीत ठेवा. त्याहून सैल असेल तर ब्रेक मारताना ॲक्सल सरकतो आणि सेंटर बोल्ट कापला जातो.

रुंदी पाट्याएवढीच, यू बोल्टच्या आत मावेल अशी. या छोट्या लांबीवर ब्रेकचा पूर्ण पीळ येतो, त्यामुळे पुढची आणि मागची सरळ कड पूर्ण लांबीभर, ६ मिमी पायाने वेल्ड करा. अर्धगोलाच्या दोन गोल कडा मात्र तशाच सोडा. गाडीच्या वजनाने ॲक्सलची नळी खालून ताणली जाते, आणि नळीभोवती गोल फिरवलेलं वेल्डिंग त्या ताणाला आडवं येतं. सरळ कडा नळीच्या मध्य-उंचीजवळ येतात, तिथे वाकण्याचा ताण सर्वांत कमी.

खुर्ची आधी फक्त चार टाक्यांवर ठेवा. गाडी चाकांवर उतरवा, पूर्ण वजन येऊ द्या, मग पिनियनचा कोन मोजा. दोन साध्या क्रॉसच्या शाफ्टसाठी पिनियन आणि गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट समांतर हवेत. पिनियन एक-दोन अंश खाली ठेवा, कारण जोर लावला की तो वर उचलतो. कोन पटला की मगच पक्कं करा. त्याआधी ॲक्सलचं तेल आणि सील काढा. २५ मिमीचे छोटे रन (एका दमात मारलेली भर) मारा: डावीकडे पुढे, उजवीकडे मागे, डावीकडे मागे, उजवीकडे पुढे. प्रत्येक रननंतर नळीवर हात टेकवता येईल इतकं थांबा. सलग मारलं तर नळी केळ्यासारखी वाकते आणि चाकांचा कोन जातो.

शॉकअपचे कान

शॉकअप उभ्याच्या जितका जवळ तितका कामाचा. तीस अंश तिरका लावला तर परिणाम पाऊण उरतो, पंचेचाळीसला निम्मा. ॲक्सल पूर्ण वर उचलून, बंपस्टॉप (ॲक्सलला वर अडवणारं रबर) टेकल्यावर दोन्ही कानांच्या भोकांतलं अंतर मोजा. शॉकअपची बंद लांबी त्यापेक्षा किमान २० मिमी कमी हवी. पूर्ण लोंबलेल्या स्थितीत उघडी लांबी तेवढीच जास्त. शॉकअपने स्वतः थांबा द्यायचा नसतो. दिला तर कान उपटतात किंवा दांडा वाकतो.

एका बाजूने बाहेर आलेल्या नुसत्या पिनेऐवजी दोन कानांचा ब्रॅकेट करा. कानांमधलं अंतर बुशच्या रुंदीपेक्षा एक मिमी जास्त. वेल्डिंग करताना मधे तेवढ्याच जाडीचा ठोकळा घाला आणि बोल्ट आवळून ठेवा. खरं रबर बाजूला काढलेलं असू द्या.

वेल्डिंगचा क्रम आणि हात

दोन्ही बाजूंना १५-२० मिमी पट्टा चकचकीत लोखंड येईपर्यंत घासा. नवीन प्लेटवरचा निळसर-काळा थरसुद्धा काढा. सकाळी दव बसलेली प्लेट गॅस टॉर्चने हाताला कोमट लागेपर्यंत तापवून कोरडी करा. एकाच बाजूने पोहोचता येणाऱ्या जोडाची कड ४५ अंशात उतरती करा.

जमेल तेवढं काम टेबलावर करा. गाडीवर फक्त टाके मारा, ब्रॅकेट उतरवा, आडवा ठेवून पूर्ण वेल्ड करा, मग चासीला लागणारा जोड तेवढा जागेवर राहील. उभं वेल्डिंग खालून वर घ्या आणि अँपिअर दहा-पंधरा टक्के कमी करा. वरून खाली ओढलेलं वेल्डिंग झटपट आणि गुळगुळीत होतं, पण मुळाशी धरत नाही. पातळ चासीवर २.५ मिमी रॉड, पायाची लांबी ४ मिमी, आर्क जाड ब्रॅकेटकडे झुकलेला.

रॉड नेहमी ज्यावरून भर जाणार आहे त्याच जागी पेटवा. बाजूच्या उघड्या प्लेटवर पडलेला आर्कचा डाग म्हणजे एक कडक बिंदू. रन संपवताना दहा मिमी मागे येऊन खळगा भरा आणि मग रॉड उचला. कोपऱ्यावर थांबू नका, कोपरा वळून थोडं पुढे जाऊन थांबा. वेल्डिंगवर पाणी ओतणं ही इतकी रुळलेली सवय आहे की ती वेगळी सांगावी लागते: ओतू नका. हवेत आपोआप थंड होऊ द्या.

काय बिघडतं ते ओळखा. काठाला खाच दिसली तर अँपिअर जास्त आहे किंवा हात वेगात आहे. ती खाच उथळ असेल तर घासून गुळगुळीत करा, खोल असेल तर बारीक रनने भरा. भोकं दिसली तर ओला रॉड, रंग, जस्त किंवा लांब आर्क. भर उंच, फुगीर आणि काठाला सुटलेली दिसत असेल तर करंट कमी. ती पूर्ण घासून पुन्हा करा, वरून दुसरा रन मारून झाकू नका. अंगापेक्षा किंचित आत वळलेला किंवा सपाट चेहरा आणि प्लेटमध्ये हळूच मिसळणारा काठ, असं वेल्डिंग थकव्याला सर्वांत जास्त टिकतं.

तपासणी

खपली काढून वायर ब्रशने साफ करा. तीन डब्यांचं डाय पेनेट्रंट मिळतं: साफ करा, लाल द्रव दहा मिनिटं ठेवा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. तडा लाल रेषेत उमटतो. ते नसेल तर रॉकेल लावून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा; तड्यातलं रॉकेल खडूवर ओली रेघ काढतं. बारीक तडे यात सुटू शकतात, तरी काहीच न करण्यापेक्षा हे बरं.

प्रायमर आणि फिका राखाडी रंग पातळ मारा. काळ्या जाड रंगाखाली तडा लपतो, फिक्या रंगावर गंजाची तांबडी रेघ लगेच दिसते. शॅकल आणि पाट्याच्या पिनांचे बोल्ट गाडी चाकांवर असतानाच शेवटचे आवळा. जॅकवर लोंबत असताना आवळले तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

पहिल्यांदा रिकामी गाडी हळू चालवा, गतिरोधकावरून घ्या, परत येऊन यू बोल्ट पुन्हा आवळा. १०० किलोमीटरला एकदा, ५०० ला एकदा आणि मग दर ५,००० ला टॉर्च घेऊन प्रत्येक वेल्डिंगचा काठ पाहा, आधी टोकं, मग कोपरे. ब्रॅकेटवर तडा दिसला तर त्यावर रॉड फिरवू नका. तो कापून काढा, तडा का गेला ते ठरवा आणि नवा बनवा. तडा चासीच्या पत्र्यात शिरला असेल तर गाडी तिथेच उभी करा आणि चासीचं काम करणाऱ्या दुकानात टोचन करून न्या. ते तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवतात, पूर्ण उकरून भरतात आणि वर निमुळती पट्टी लावतात. हे काम अंगणात होत नाही.